मुखवटा क्रमांक तीन

बाबांचं चित्र मी काढलं आणि घरात ते कोणालाच आवडलं नाही. आई तर पदर तोंडाला लावून हसली.

"नवरा माहा अन् नाक घोड्याचं! हे कोन होय वो, चंचल?"

मी हिंगणघाटच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. त्याआधी नागपूरला कलामहाविद्यालयात पाच वर्षं घासली आहेत. त्यामुळे घरच्यांच्या असल्या शेऱ्यांचा मला राग येतो. तेव्हाही आला, पण गिळला, कारण मला बाबांचा होकार हवा होता. वर्ध्याच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच माझं चित्र निवडलं गेलं होतं. सोमवारपर्यंत ते पोचवायचं होतं आणि बाबांनी हो म्हटल्याशिवाय पाठवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. शेवटी चेहरा त्यांचा होता.

बाबा म्हणजे नत्थू मडावी. आमच्या गावात, अल्लीपुरात, त्यांना नंदीवाले म्हणतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लेकरं जे चाकांचे लाकडी बैल, म्हणजे नंदी, सजवून ओढत नेतात, ते बाबा करतात. पन्नास वर्षं झाली, करतातच आहेत. कानावर पेन्सिल, मांडीवर लाकूड, हातात पटाशी. मी त्यांना तसंच बसलेलं रंगवलं होतं. फक्त चेहरा नेहमीसारखा नव्हता. कपाळापासून एका रेषेत खाली आलेलं लांब नाक, बारीक चिरांचे डोळे, दोन सपाट गाल आणि तोंडाच्या जागी छोटीशी खाच.

बाबांनी चित्राकडे पाहिलं. चित्राखाली मी चिकटवलेल्या चिठ्ठीकडेही बराच वेळ पाहिलं.

"नको पाठवू," ते म्हणाले आणि परत पटाशी उचलली.

"काऊन बाबा?"

"हा मी नाई."

झालं. मी तणतणत आत गेले आणि कॉलेजातलं जाडजूड पुस्तक आणून त्यांच्यापुढे आपटलं. म्हटलं, अडाण्यासारखं करू नका, नीट ऐका. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या काही चित्रकारांना हुबेहूब चेहरे काढायचा कंटाळा आला होता. त्यांनी संग्रहालयात आफ्रिकेतले लाकडी मुखवटे पाहिले आणि त्यांची डोकीच फिरली. चेहरा दिसतो तसा उतरवायलाच हवा असं नाही, तो आपण बांधू शकतो, हे त्यांना त्या मुखवट्यांनी शिकवलं. मग सगळ्या युरोपात माणसांची चित्रं बदलली. मी पान उघडलं. डावीकडे मुखवटा होता आणि उजवीकडे तशाच नाकाडोळ्यांची रंगवलेली बाई.

बाबांनी बाईकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुस्तक उजेडाकडे कलतं करून ते मुखवट्यावर वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी फार दिवसांनी पाहत होते.

"नाकापासून धरलं यानं," ते म्हणाले. "पह्यले नाक उभं ठेवलं, मंग दोन्हीकून गाल उतरवले. मी बैलाचं कपाय असंच धरतो. लाकूड हलकं असन, तोंडावर बांधून नाचाचं म्हणजे. पन डोयाच्या चिरा किती बारीक ठेवल्या! नाचनाऱ्याले रस्ता दिसत असन का वो?"

हे पान मी वर्गात किती तरी वेळा दाखवलं आहे. मुखवट्याच्या आत कोणाचा तरी चेहरा असतो आणि त्याला बाहेरचं दिसावं लागतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"नाव काय याचं?"

"कोनाचं?"

"बनवनाऱ्याचं."

मी मुखवट्याखालची ओळ वाचून दाखवली. फांग समाज, गॅबन. लाकूड आणि पांढरी माती. कलाकार अज्ञात.

"अन् ही बाई ज्यानं काढली, त्याचं?"

त्याचं नाव होतं. जन्मसाल, मृत्युसाल, गाव, सगळंच होतं.

बाबांनी पुस्तक मिटलं. "गेल्या साली तान्ह्या पोयात बंडूजीच्या नातीच्या नंदीले पह्यला नंबर भेटला, माह्याच हातचा तो," ते म्हणाले. "माइकवर नातीचं नाव घेतलं, बंडूजीचं घेतलं. झूल शिवनाऱ्या टेलरचंबी घेतलं." सांगताना ते हसत होते. "मी टाया वाजवून राह्यलो होतो."

त्या दिवशी मी त्यांच्या शेजारीच उभी होते. मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

मग त्यांनी माझ्या चित्राखालच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "हे काय लिवलं, वाच."

मी वाचलं, "मुखवटा क्रमांक तीन. चित्रकार, चंचल मडावी."

"तुह्यं नाव हाये. माह्यं कुठी हाये?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही. लाज वाटली, फार वाटली. शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या लोकांनी केलं तेच मी पोटची पोर असून केलं होतं, आणि वर शहाणपणा शिकवायला बसले होते.

"अवो, रडते काऊन?" बाबा गडबडले. "नाकाचं मले काई नाई. नाक चांगलं जमलं तुले."

मी चिठ्ठी फाडली आणि तिथेच बसून दुसरी लिहिली. 'नत्थू मडावी, नंदी घडवणारे, अल्लीपूर.' त्याखाली बारीक अक्षरात माझं नाव. बाबांनी ती दोनदा वाचली.

"आता पाठव."

"अन् ते घोड्याचं नाक?" आई चुलीपाशी बसून ओरडली.

"नाकाले हात लावू नको," बाबा म्हणाले.

त्यांच्यासमोर यंदाचा पहिला नंदी तयार होता. तो त्यांनी मांडीवर उलटा केला, कानावरची पेन्सिल काढली आणि पोटाखाली हळूहळू आपलं नाव लिहिलं. मग त्या अक्षरांवर पटाशी टेकवली.

"पाठीवर लिवा ना बाबा," मी म्हणाले. "पोटाखाली कोनाले दिसन?"

"पाठीवर झूल येते," ते म्हणाले. "तू पाय धर त्याचे. हलू देऊ नको."

मी नंदीचे चारही पाय घट्ट धरले आणि बाबा नाव कोरू लागले.