'होता' म्हणायचं नाही

देशावर आभाळ कोसळलं ते मंगळवारी, आणि गुरुवारी आमच्या ड्युवॉल गावात वाद पेटला तो शनिवारच्या मॅचचा. न्यूयॉर्कचे दोन मनोरे जमीनदोस्त झालेले, टीव्हीवर दिवसभर तोच धूर, पोस्टाबाहेरचा झेंडा अर्ध्यावर उतरलेला. आणि आमची शहाणी माणसं किराणा दुकानात ट्रॉलीवर रेलून एकमेकांना विचारत होती, मॅच रद्द झाली तर तिकिटांचं काय? शेवटी साऱ्या देशातच त्या आठवड्याचे खेळ बंद ठेवले, तेव्हा कुठे गावाचा नाइलाज झाला. त्या शनिवारी गावात जी सुतकी कळा होती ती मनोऱ्यांसाठी होती की मॅचसाठी, ते देवालाच ठाऊक.

मी जन्मापासून याच गावात राहते. तीस वर्षं दातांच्या डॉक्टरांकडे फोन घेतले, लोकांना वेळा दिल्या. आ वासलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण कॉलेजचा फुटबॉल म्हटला की हे गाव जेवढा आ वासतं तेवढा दाढ काढतानाही कुणी वासला नाही. संघाचं नाव एडके. पायापेक्षा हातानंच जास्त खेळतात, तरी त्याला फुटबॉल म्हणायचं. जिथे नावातच खोटेपणा, तिथे पुढच्या गोष्टीत खरेपणा कुठून येणार?

माझ्या धाकट्या बहिणीचा, नोरीनचा, एकुलता एक मुलगा ग्रेडी त्या मनोऱ्यांपैकी एकात कामाला होता. 'होता' हे मी आत्ता लिहिते आहे. तेव्हा नोरीनच्या घरात या शब्दाला बंदी होती. ग्रेडी विम्याच्या कंपनीत आहे. ग्रेडीला कांदा आवडत नाही. ग्रेडी अजून सापडलेला नाही, सापडेल. हे ती सकाळी उठून म्हणायची आणि झोपताना म्हणायची. मी माझं घर बंद करून तिच्याकडे राहायला गेले होते. तो कितव्या मजल्यावर बसतो ते मला माहीत होतं, विमान कुठे घुसलं ते सगळ्या जगाला माहीत होतं. मला कळत होतं. पण तिला जगवणारी तेवढी एकच गोष्ट शिल्लक होती, आणि ती कुणी हिसकावून घेतली असती तर मी त्याचा गळा धरला असता.

शेजारची बर्निस टूना-नूडल्सचं भांडं घेऊन आली आणि दारातच डोळ्यांना रुमाल लावून म्हणाली, "फार गुणी होता गं तुझा ग्रेडी."

नोरीननं भांडं तिच्याच हातात परत दिलं. "अजून गरम आहे, बर्निस. घरी नेऊन खा."

बर्निसनं ते खरंच घरी नेलं. वर गावभर सांगितलं, की नोरीनच्या डोक्यावर परिणाम झालाय.

मग एका संध्याकाळी डग प्रुइट आला. हा कॉलेजच्या खेळ विभागाचा प्रमुख. हातात दालचिनीच्या रोलचा डबा, कोटावर झेंड्याचा बिल्ला, चेहरा शोकसभेला शोभेल असा ताणलेला. आयुष्यात तो या घराची पायरी चढला नव्हता. सोफ्याच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "नोरीन मॅडम, अख्खं गाव तुमच्या पाठीशी उभं आहे."

"पाठीशीच आहे," मी म्हटलं. "समोर कुणी दिसत नाही."

"आयलीन, थांब," नोरीन म्हणाली. "त्यांना बोलू दे."

त्याचं बोलणं असं, की येत्या शनिवारी मॅच होणार. आधी दुखवटा पाळायचा. मैदानभर पसरेल एवढा झेंडा आणलाय, तो धरायला बँडची सगळी पोरं लागतील. नोरीननं मैदानाच्या मधोमध उभं राहायचं, एवढंच. "विचिटाहून टीव्हीवालेही येणार आहेत. योगायोगानं."

"योगायोग फार वेळेवर येतो हो तुमच्याकडे," मी म्हटलं.

डगनं माझ्याकडे दुर्लक्ष केलं. "ग्रेडीला आपला फुटबॉल किती आवडायचा..."

"आवडतो," नोरीन म्हणाली.

"हो. आवडतो. अगदी." त्याच्या कपाळावर घाम आला. मला बरं वाटलं.

मला वाटलं होतं, नोरीन त्याला बर्निसच्या वाटेनं पाठवेल. पण ती पुढे सरकून बसली. "ही टीव्हीवरची मॅच न्यूयॉर्कला दिसेल?"

"मॅडम?"

"तिथे कितीतरी दवाखाने आहेत. एखाद्या दवाखान्यात पडला असेल. डोक्याला मार लागला असेल, स्वतःचं नाव आठवत नसेल. मी दिसले तर आठवेल ना त्याला."

आता, विचिटाचं ते चॅनेल आमच्या राज्याची वेस ओलांडत नाही. डगला ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तो पापणीही न हलवता म्हणाला, "का नाही दिसणार? नक्की दिसेल."

तिथल्या तिथे त्याला उठवून हाकलायला हवं होतं. पण इतक्या दिवसांत नोरीनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं रक्त आलेलं दिसलं. "माझी एकच अट आहे," ती त्याला सांगत होती. "त्याच्याबद्दल 'होता' म्हणायचं नाही. तो सापडलेला नाही, एवढंच सांगायचं. त्याच्या कानावर भलतंसलतं पडायला नको."

"शब्द दिला," डग म्हणाला.

मी त्याला गाडीपर्यंत पोचवायला गेले. "माईकवर बोलणाऱ्या त्या मर्लला नीट सांगा," मी म्हटलं. "त्याच्या तोंडून 'होता' निघालं, तर त्या माईकच्या खोलीत मी येईन."

"आयलीनबाई, तुम्हालाही ठाऊक आहे की..."

"मला काय ठाऊक आहे ते मी बघेन. तुम्ही दिलेला शब्द बघा."

रोल कोरडे होते. दुकानातले, आणि तेही शिळे.

शनिवारी ऊन छान पडलं होतं. स्टेडियमच्या बाहेर नेहमीसारख्याच गाड्या लागल्या होत्या, मागची दारं उघडून शेगड्या पेटल्या होत्या, मोठ्या पातेल्यांत राजमा-खिम्याची चिली रटरटत होती. बदल एवढाच, की प्रत्येक गाडीवर झेंडा. एकानं अर्धं तोंड संघाच्या लालभडक रंगात रंगवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यावर चांदण्या-पट्टे काढले होते. हा त्याचा शोक. एका टोळक्यानं शोकाचे खास शर्ट छापून आणले होते, पुढे झेंडा, मागे एडका. बिअर नेहमीचीच होती. ती अर्ध्यावर उतरलेली मला कुठेच दिसली नाही.

नोरीननं निळा ड्रेस घातला होता. ग्रेडीनं तो पाठवला होता म्हणून, तो लगेच ओळखेल म्हणून. लोक तिला वाटेत अडवत होते. ज्यांनी ग्रेडीला जन्मात पाहिलं नव्हतं त्यांनाही आता त्याला कडेवर खेळवल्याचं आठवत होतं. एका बाईनं हातातला सॉसेज न सोडता तिला मिठी मारली. "हे सगळं तुमच्या मुलासाठीच आहे हो," ती म्हणाली, "त्यालाही हेच हवं असतं."

"हवंच आहे त्याला," नोरीन म्हणाली आणि खांद्याला लागलेला मोहरीचा सॉस पुसला.

"ही कोण गं?" मी विचारलं.

"मला काय माहीत?"

त्यालाही हेच हवं असतं! प्रत्येकाच्या तोंडी तेच. मेलेल्या माणसाचं हे एक बरं असतं, त्याला काय हवं ते जिवंत माणसं आपापल्या सोयीनं ठरवतात. ग्रेडीला मॅच हवी होती, चिली हवी होती, संघ जिंकायला हवा होता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते याहून वेगळं नसतं. आणि ते मढं आहे, हे मला बोलायचीही सोय नव्हती.

मैदानाच्या कडेला डग उभा होता. मी त्याला पुन्हा विचारलं, "मर्लला सांगितलंत ना?"

त्यानं अंगठा वर केला. तोंडानं बोलायचेही कष्ट घेतले नाहीत. तेवढ्यात टीव्हीवाला आला आणि डग त्याच्याकडे वळून हसला. मग दुखवटा आठवला असावा, ओठ मिटले.

आम्ही दोघी मधल्या रेषेवर जाऊन उभ्या राहिलो. नोरीननं माझा हात धरला होता. पोरांनी तो अजस्र झेंडा उलगडला, वाऱ्यानं तो फुगला, आणि मर्लचा आवाज सुरू झाला. मर्ल स्टकीचं फर्निचरचं दुकान आहे. वीस वर्षं तो माईकवर बोलतोय, आणि वीस वर्षं काहीही बोलला तरी सोफ्यावर सूट जाहीर केल्यासारखंच वाटतं.

"मंडळी! आज आपल्यामध्ये एक वीरमाता उभी आहे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वीरमाता!

"ज्यानं या महान देशासाठी हसत हसत प्राण वेचले, तो ग्रेडी हॉलमन आपल्याच गावचा सुपुत्र होता, मंडळी! जन्मभर एडका होता!"

एकदा नाही, दोनदा. प्राण वेचले म्हणे, आणि तेही हसत हसत! पोरगा मंगळवारी सकाळी टाय बांधून कामाला गेला, एवढाच त्याचा पराक्रम. लाखो माणसं करतात तेवढाच. तो काही द्यायला गेला नव्हता. त्याच्याकडून ओरबाडून नेलं, आणि आता हा सोफेविक्या त्याचं दान करून मोकळा झाला होता.

मी डगला शोधलं. तो कॅमेऱ्याकडे तोंड करून, छातीवर हात ठेवून उभा होता. मी नोरीनकडे बघितलं नाही, धीर झाला नाही. हात सोडवून मी निघणार होते, खरोखरच त्या माईकच्या खोलीत जाणार होते, तेवढ्यात मर्ल म्हणाला, "आता आपण शांतता पाळू या," आणि वीस हजार माणसांनी टोप्या काढल्या.

खरं सांगते, शांतता झाली. खांबावरच्या दोरीची टकटक ऐकू येऊ लागली. एवढ्या माणसांना गप्प राहता येतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि क्षणभर त्यांच्याबद्दलचं माझं मत मऊ पडत चाललं. क्षणभरच. कारण विद्यार्थ्यांच्या बाजूनं, अगदी वरून, कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं, "हाणा रे एडक्यांनोऽऽ!"

कुणी शू केलं. कुणी फिसकन हसलं. मग ते हसू दाबायला आणखी कुणी खोकलं.

"कोण तो मेला?" माझ्या तोंडून गेलं, आणि मी जीभ चावली. दोन मिनिटं थांबता येत नाही? एका आईसाठी तोंड मिटून उभं राहता येत नाही? मी वळून काहीतरी ओरडणार होते, तर शेजारी नोरीनचे खांदे हलताना दिसले. मला वाटलं, कोसळली. मी तिला धरलं.

ती हसत होती. तोंडावर हात धरून, डोळे मिटून, लहानपणी चर्चमध्ये हसायची तशी.

"असाच होता गं," ती म्हणाली. "ग्रेडी. बाबांच्या दफनाला पाद्री प्रार्थनेसाठी थांबला, आणि याचं पोट वाजलं. तर हा सगळ्यांदेखत म्हणतो, 'आजोबांनाही भूक लागली असेल.' कुठे गप्प बसायचं ते त्याला कधी कळलंच नाही. असाच होता."

मी वाट बघितली. वाटलं, चुकून गेलं असेल, आता दुरुस्त करेल. मर्लनं दोन वेळा म्हटलं त्यानं काही झालं नव्हतं. हिच्या तोंडून निघालं ते मला ऐकवेना.

"आहे," मी म्हटलं. "असाच आहे, असं म्हण."

"आयलीन."

"आहे म्हण, नोरीन. दवाखान्यात असेल. नाव आठवत नसेल त्याला."

"नाही गं," ती हळूच म्हणाली. "तू तरी नको असं करूस. होता."

मला रडू फुटलं. सगळं कळणारी मी, उभ्या गावाला शहाणपण शिकवणारी मी, त्या हिरवळीवर उभी राहून लहान पोरासारखी हुंदके देऊन रडले. तिच्यासाठी म्हणून जपलेला 'आहे' हा शब्द माझाही आधार झाला होता, हे मला तिथे, त्या दीडशहाण्यांच्या गर्दीसमोर कळलं. मर्लनं जाहीर केलं, की नाणेफेक एडक्यांनी जिंकली आहे, आणि वीस हजार माणसं उभी राहून बेभान ओरडली. आमच्याकडे आता कुणीच बघत नव्हतं. फक्त टीव्हीवाला बघत होता. रडणारी बाई दिसताच तो धावत आला आणि कॅमेरा माझ्या तोंडासमोर धरून म्हणाला, "असंच, ताई, असंच. वर बघा जरा. आईचं दुःख लोकांना दिसू दे."

नोरीननं मला मागे घेतलं आणि तळहातानं त्याचा कॅमेरा बाजूला केला.

"आई मी आहे," ती म्हणाली. "आणि मी घरी जाऊन रडणार आहे."