दोन झाडांना चार मिनिटं

माझे साडू बस डेपोत वेळापत्रकं करायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्या हाताला अजून कोणी कळवलेली नाही. घरात कुठे जायचं निघालं की ते आधी पट्टी आणि पेन्सिल शोधतात. दोनशे वर्षं जुन्या वनस्पती उद्यानात रविवारची सहल ठरली, तेव्हा कोण कोण येणार हे ठरायच्या आत त्यांचा कागद आखून तयार होता.

सहलीची कल्पना आमच्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची. याचंच सगळ्यांना नवल. अण्णांनी स्वतःहून आजवर दोनच गोष्टी मागितल्या आहेत, लाल पेन्सिल आणि शांतता. त्या उद्यानात झाडांच्या पाट्या रंगवण्यात त्यांनी तीस वर्षं काढली. झाडाचं नाव, कूळ, मूळ देश, सगळं वळणदार आणि बिनचूक. ती सवय त्यांनी घरीही आणली. सुनेची किराण्याची यादी असो की डॉक्टरांची चिठ्ठी, दुरुस्त केल्याशिवाय त्यांच्या हातून सुटत नाही. माझ्या लग्नपत्रिकेत त्यांनी तीन चुका काढल्या होत्या, त्यातली एक मी होतो. पाठीमागे सगळे त्यांना ‘शुद्धिपत्र’ म्हणतात.

बुधवारी संध्याकाळी बैठक बसली. साडूंनी चष्मा लावला.

“नऊ पाचला प्रवेशद्वार. नऊ पाच ते नऊ बारा, प्रवेशद्वाराचं कौतुक.”

“सात मिनिटं दाराचं कौतुक?” त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या मेव्हणीनं विचारलं.

“ऐतिहासिक आहे ते. साधं असतं तर तीनच दिली असती.”

असं करत करत आम्ही काचघर, कमळांचा तलाव आणि दोन वेळा स्वच्छतागृह (एकदा गरजेनुसार, एकदा खबरदारी म्हणून) ओलांडून पुढे आलो.

“अकरा दहा ते अकरा चौदा, अण्णांची झाडं.”

“चार मिनिटं?” अण्णा म्हणाले. “मला अर्धा तास लागेल. कापूर आणि दालचिनी, अशी दोन झाडं आहेत.”

“दोन झाडं, चार मिनिटं. झाडामागे दोन. तलावाला मी सहाच दिलीत अण्णा, आणि त्यात पाणीसुद्धा आहे.”

अण्णांनी मला खुणेनं बाल्कनीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“जावईबापू, कुणाला सांगू नका. त्या दोन झाडांच्या पाट्या गेली एकेचाळीस वर्षं उलटसुलट लागल्यात.”

“कुणी लावल्या?”

ते कुंडीकडे बघत राहिले. तेव्हा मला कळलं, आणि खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. एकेचाळीस वर्षं लोक दालचिनीची पानं चुरगाळून हुंगत होते आणि ‘वा, काय कापूर आहे!’ म्हणत होते.

“मग दुसऱ्याच दिवशी बदलायच्या की!”

“त्याच सकाळी मी मुख्य माळ्याच्या हातात त्याच्या चुकांची यादी दिली होती. चौदा चुका. नंतर कुठल्या तोंडानं जाणार?”

“आता फोन करा.”

“नाव विचारतील.” ते कुंडीतली माती उगाच चाचपत होते. “सोमवारी सगळ्या पाट्या निघणार. त्यांवरची अक्षरं बघून पितळेच्या पाट्या ओतणार आहेत. मग माझी चूक हलायची नाही. रविवार शेवटचा.”

आम्ही आत आलो तेव्हा निकाल लागला होता. माझ्या बायकोला काचघरापुढे सगळ्यांचा फोटो हवा होता. त्याची चार मिनिटं साडूंनी नेमकी अण्णांच्या झाडांतून कापली होती.

“अण्णा, झाडं काय, चालता चालता दिसतील,” ते म्हणाले.

अण्णा उभेच राहिले. लाल पेन्सिल खिशातून निघाली, परत आत गेली.

“माझी एक चूक झालीय,” ते म्हणाले.

खोलीत असा सन्नाटा पसरला की स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे हे सगळ्यांना पहिल्यांदाच समजलं. मग अण्णांनी सगळं सांगितलं, मुख्य माळ्याच्या यादीसकट. सर्वांत आधी सून हसली. तिच्या किराण्याच्या याद्यांची वीस वर्षं त्या हसण्यात होती.

“अण्णा, स्टूल मी धरते,” ती डोळे पुसत म्हणाली. “हे मी चुकवायची नाही.”

“पाट्या कमरेइतक्याच उंचीवर आहेत, स्टूल नको,” अण्णा सवयीनं म्हणाले.

साडूंनी नवा कागद घेतला. दाराचं कौतुक तीन मिनिटांवर आलं, फोटो रद्द झाला, आणि ठळक अक्षरांत लिहिलं गेलं, ‘अकरा ते साडेअकरा – अण्णांची चूक’. या घाईत जेवण दोनदा लिहिलं गेलं, साडेबाराला आणि एक दहाला. मी ते पाहिलं. अण्णांनीही पाहिलं. त्यांचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

रविवारी आम्ही सगळे त्या दोन झाडांपाशी कोंडाळं करून उभे राहिलो. अण्णांनी तिथल्या माळ्याला स्वतःच सांगितलं. माळ्यानं दोन्हीकडची पानं चुरगाळली, हुंगली, आणि “तरीच!” असं म्हणून स्वतःचा स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला. स्क्रू अण्णांनी दुसऱ्या कुणाला फिरवू दिले नाहीत. शेवटचा बसला तसं साडूंनी घड्याळ पाहिलं.

“बरोबर चार मिनिटं,” ते म्हणाले. “मी पहिल्यापासून हेच सांगत होतो.”

अण्णांनी पाटीवरची धूळ रुमालानं पुसली.

“तुमचं बरोबर होतं,” ते म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कुणीच ऐकलं नव्हतं. साडूंना जवळच्या बाकावर बसावं लागलं, आणि तशी काहीच सोय वेळापत्रकात नव्हती.