राणीचे वाढप

प्राध्यापक कृष्णात थोरातांनी त्या नाटकावर चाळीस पानांचा निबंध लिहिला होता, आणि त्यातली एकोणचाळीस पाने स्तुतीची होती. नाटक सत्तर वर्षांपूर्वीचे. सांगलीत त्याला कोणी नावाने ओळखत नसे. सगळे नुसते ‘राणीचं नाटक’ म्हणत. दिलेला शब्द मोडण्याचा हट्ट धरणारा वृद्ध राजा, त्या हट्टापायी रणात उतरलेला एकुलता राजपुत्र, आणि हे सारे आधीच ओळखलेली, पण थांबवू न शकलेली राणी. अपराध बापाचा, शहाणपण आईचे आणि प्राण मुलाचे. इतका निर्दय न्याय मराठी रंगभूमीवर दुसऱ्या कोणी केला नाही, असे कृष्णात वर्गात सांगत. ग्रीक नाटके इंग्रजीतून आणि संस्कृत नाटके मुळातून वाचलेल्या माणसाचे ते मत. ते खोडून काढण्याच्या फंदात कोणी पडत नसे.

चाळिसावे पान मात्र पाचव्या अंकावर होते. मुलाच्या विजयासाठी तीन दिवस उपाशी राहिलेला राजा पारण्याला बसतो, आणि रणातून दूत येतो. राणी त्याचा चेहरा पाहते आणि त्याला बोलूच देत नाही. पाय धुवायला पाणी देते, पाटावर बसवते आणि पुढची वीस मिनिटे दोघांना वाढत राहते. भाजी कोणत्या मळ्यातली, तूप कोणत्या गाईचे, याचीच बोलणी. मग दूत तोंड उघडतो. कृष्णातांनी लिहिले होते : ‘भयाच्या शिखरावर नाटककाराने राणीच्या हाती पळी दिली, आणि नाटक स्वयंपाकघरात सांडले.’ हे वाक्य त्यांचे स्वतःचे फार लाडके होते.

दुर्दैवाने ते आप्पासो वकिलांनाही आवडले. १९४३ साल, रंगभूमीच्या शताब्दीनिमित्त वकिलांचे नाट्यमंडळ हेच नाटक करत होते. प्रयोग दुपारी, कारण संध्याकाळी त्याच थिएटरात बोलपट. त्याआधी पाच विद्वानांची भाषणे. नाटकाचा गौरव करायला वेळ हवा असेल तर नाटकानेच थोडे आखडून बसावे, हा विचार मंडळाला अगदी स्वाभाविक वाटला.

“वाढपाचा प्रवेश गाळायचा,” तालमीत वकिलांनी जाहीर केले. “प्रोफेसरांनीच लिहिलंय.”

राणीचे काम करणारे नानासो जागेवरून उठले. वय त्रेसष्ट. बायकांच्या भूमिकांत हयात गेलेली. कंपनी बुडाली तरी लुगड्याची चाल पायांतून गेली नव्हती.

“वकीलसाहेब, माझी पदं कापा. दोन कापा, चार कापा. वाढप ऱ्हाऊ द्या.”

“अहो नानासो, पदं ऐकायला लोक तिकीट काढतात. वाढप बघायचं तर लग्नाला जातील!”

सगळे हसले. कृष्णातही हसले, आणि मग जरा सौम्यपणे म्हणाले, “त्या प्रवेशात काय आहे ते तरी सांगा.”

“मला सांगाय येत न्हाई, मास्तर. गुरूनं एवढंच सांगितलं हुतं, दूताकडं एकदाच बघायचं. दुसऱ्यांदा बघितलंस तर थोबाड फोडीन.”

“का पण?”

“का म्हणून इचारलं असतं, तर तवाच फोडलं असतं.” नानासो खाली बसले. “गळ्यात आता काय उरलं न्हाई. हात तेवढं ऱ्हायल्यात. आन् तुमी न्येमकं त्येच कापताय.”

कृष्णातांनी हे वाक्य वहीत टिपून घेतले. अभ्यासू माणसे दुसऱ्याच्या दुःखाचा उपयोग असा करतात.

रविवारी ते कराडजवळ मलकापूरला घरी गेले. दुपारी तारवाला शेजारच्या हरणाबाईचे दार बंद पाहून यांच्या अंगणात आला. तार इंग्रजीत होती. हरणाबाईचा बाळासो इटलीच्या आघाडीवर पडला होता.

कृष्णात तार हातात धरून उभे राहिले, तोच हरणाबाई आणि तिचा नवरा गुंडा मळ्यातून येताना दिसले. कृष्णात पुढे झाले. जड बातमी हळुवार सांगण्याची वाक्ये त्यांच्या डोक्यात तयारच होती, बहुधा तीन भाषांत. पण त्यांच्या आईने, शालूबाईने, मनगट धरले.

“गप ऱ्हा. त्यो कागुद आत ठेव. जेवू दे त्यांस्नी.”

“आई, त्यांचा मुलगा...”

“कळलं मला तुझ्या तोंडावरनं. एकदा कानावर पडलं की घास उतरत न्हाई, लेका. चूल इझती. सकाळधरनं उपाशी हाईत ती.”

आणि तिने दोघांना हाक मारली. “आवं, या हिकडं! भरीत केलंय. आमी दोघांनी किती खायाचं?”

हरणाबाई उंबऱ्यात आली. कृष्णातांकडे तिने एकवार पाहिले. मग ती पानावर बसली आणि बोलत राहिली. वांगी गोड निघालीत, औंदा ऊस बरा हाय, बैलाचा पाय सुधारला. स्वतः दोन घास खाल्ले न खाल्ले, पण नवऱ्याच्या ताटाकडे तिची नजर सारखी होती. “अर्धी भाकर घ्या की आणि. बाई एवढं करतीया.” गुंडाने अर्धी घेतली. तिने अजून अर्धी वाढली. त्याने ढेकर दिला, हात धुतला, पान लावायला चंची उघडली. तेव्हा हरणाबाईने पदर सावरला आणि म्हणाली,

“सांग आता, किस्ना. तारवाल्याची सायकल मी बांधावरनंच बघितली हुती.”

कृष्णातांनी आतून तार आणली आणि तिच्याच बोलीत, एका वाक्यात सांगितले.

संध्याकाळी त्यांना आठवले : ते नऊ वर्षांचे असताना, मागच्या महायुद्धात, बसऱ्याच्या आघाडीवर वडील पडल्याची तार आली होती. त्या दिवशी आईने समोर बसवून दोन भाकऱ्या गूळ-तूप घालून खाऊ घातल्या होत्या. गुळाची चव सत्तावीस वर्षे लक्षात राहिली होती. वाढणारीला तेव्हा सगळे ठाऊक होते, हे मात्र एवढे वाचन करूनही ध्यानात आले नव्हते. नाटककाराने राणीच्या हाती पळी दिली नव्हती. जगातल्या कोणत्याही शोकांतिकेने कोणत्याही राणीला दिले नसेल एवढे धैर्य दिले होते, आणि त्यावर एका प्राध्यापकाने विनोद केला होता.

सोमवारी ते वकिलांकडे गेले.

“निबंध चुकला आहे. प्रवेश ठेवा.”

“चुकला असेल हो, पण स्मरणिकेत छापून झालाय! आता तो बरोबरच म्हणायचा.” वकील हसले. “आणि वीस मिनिटं कुठनं आणू?”

“माझं भाषण वीस मिनिटांचं आहे. ते गाळा.”

“प्रोफेसर, तुमचे प्राचार्य खास तुम्हाला ऐकायला येणार आहेत. पदोन्नतीचं चाललंय म्हणे. शुद्धीवर आहात ना?”

“कालपासून.”

प्रयोगाला चार भाषणे झाली आणि चारही विद्वानांनी नाटककाराच्या प्रतिभेचा थोडक्यात गौरव करायला बराच वेळ घेतला. पाचवा अंक लागला. दूत आला. नानासोंनी त्याच्याकडे पाहिले, आणि खाली वाकून तांब्या उचलला. हात कापत नव्हता. कापू नये म्हणून किती जोर लागतो आहे, ते फक्त मनगटात दिसत होते. पहिल्या रांगेत प्राचार्यांनी घड्याळ काढले. शेजारच्या पाहुण्यांनी “हा तो गाळायचा प्रवेश” असे स्मरणिकेचे पान दाखवून सांगितले.

विंगेतून कृष्णात मागच्या बाकांकडे पाहत होते. तिथे म्हसवड, औंधकडून आलेली माणसे दाटीने बसली होती. पागोटी, घोंगड्या, डोईवर पदर घेतलेल्या बायका. स्मरणिका त्यांच्यापैकी कोणी घेतली नव्हती. तिथे खोकलासुद्धा थांबला होता.

राजाने ताटावरून हात उचलला. पुरे, म्हणाला. नाटकात या जागी राणी थोडी थांबते. त्या शांततेत मागून एका म्हातारीचा आवाज आला, मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा :

“वाढ, बाई, आणि एक वाढ त्येला. पुन्यांदा जेवायचा न्हाई त्यो.”

नानासोंनी वाढले.