दादा येईपर्यंत

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करायला तिने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. समोर प्लास्टिक सर्जन बाई उभ्या होत्या. त्यांना घाई होती आणि ती त्यांनी लपवलीही नाही.

क्रेनवरून निसटलेला लोखंडी खांब तिच्या नवऱ्याच्या नडगीवर पडला होता. हाडांच्या डॉक्टरांनी परवाच बाहेरून सळ्या लावून हाड जागेवर बसवलं, पण त्यावरचं मांस आणि कातडी गेलेली. बाईंचं म्हणणं, मांडीतलं मांस घेऊन आजच हाड झाकायचं. ते उघडं राहिलं की पू धरतो, मग पायावरच पाणी सोडावं लागतं.

घरात मात्र थोरल्या दिरांना विचारल्याशिवाय पान हलत नसे. आणि दीर म्हणजे सबुरीचा पुतळा. त्यांच्या 'बघू'पायी दोन उन्हाळे फ्रिज दुकानातच राहिला होता. काल फोनवर म्हणाले, अंगात जरा रक्त भरू दे, मी पोचतो, मग ठरवू. आज सकाळपासून त्यांचा फोनच लागत नव्हता.

"दादा येईपर्यंत थांबू या ना," नवरा म्हणाला.

"पाय थांबणार नाही." तिने आपली सही केली आणि पेन त्याच्या हातात दिलं. "करा सही. दादांचं मी बघते."

म्हणाली खरी, पण बाहेरच्या बाकावर ती दिवसभर काही न खाता बसून होती.

संध्याकाळी बाई मास्क काढत आल्या. लावलेलं मांस गुलाबी होतं, ऊबदार होतं. रक्त नीट खेळत होतं. तिला एकदम हलकं वाटलं आणि कडकडून भूक लागली. ती खाली कॅन्टीनमध्ये गेली.

कोपऱ्यातल्या टेबलाशी दीर बसले होते, मांडीवर बॅग घेऊन.

तिने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. पाय वाचला म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

"कधी आलात?"

"सकाळीच."

"मग वर का नाही आलात?"

"वर आलो असतो तर तुम्ही दोघं माझ्या तोंडाकडे बघत बसला असता," ते म्हणाले. "आणि मी थांबा म्हणालो असतो. म्हणून फोनही बंद ठेवला."

दिरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"आता येऊ का वर?" त्यांनी विचारलं, आणि ती काय म्हणते याची वाट बघत बसून राहिले.