शिवडीच्या धक्क्यावरची दुर्बीण

मित्रांनो, दुर्बिणीला आपला जन्म आठवत नाही. तिला आठवते ते पहिले दृश्य. माझी भिंगे विलायतेत घासली गेली, पितळी नळ्यांवर काळे कातडे चढले आणि महायुद्धाच्या दिवसांत मी एका युद्धनौकेवर दाखल झाले, हे सगळे मला लोकांच्या बोलण्यातून कळले. मला स्वतःला आठवतो तो दक्षिण आफ्रिकेचा किनारा. खडकांजवळ एक सील पोहत होता. खालून काहीतरी फिकट वर आले आणि पाणी फुटले. पांढऱ्या पोटाची एक प्रचंड मुशी, म्हणजे शार्क, त्या सीलसकट हवेत उचलली गेली, वळली आणि कोसळली. नंतर लाटांवर फक्त लाल फेस राहिला. मी ज्या अधिकाऱ्याच्या हातांत होते, त्याने शत्रूच्या नौका पाहताना मला कधी डोळ्यांवरून खाली घेतले नव्हते. त्या दिवशी घेतले.

युद्ध संपले आणि माझे काम संपले. मुंबईच्या चोरबाजारात बंद पडलेली घड्याळे आणि मोडक्या कंदिलांच्या ढिगात मी सात-आठ वर्षे पडून होते. तिथून मला अच्युतरावांनी उचलले. ते बंदराच्या कचेरीत हेडक्लार्क होते. घराणे जुन्या मुंबईचे, प्रभूंचे, राहायला परळला. ताटातल्या माशाचा काटा न् काटा त्यांना ओळखता येई. पण एकदा ते म्हणाले, "आयुष्यभर मासे खाल्ले, आणि मासा जगतो कसा हे एकदाही पाहिलं नाही." मी त्यांना युद्धनौकेवरची दुर्बीण म्हणून मिळाले, तेव्हाच त्यांनी ठरवले की हिच्यातून मुशी पाहायची.

"लोक दुर्बिणीतून चंद्र बघतात," त्यांच्या पत्नी यशोदाबाई म्हणायच्या, "आमच्याकडे मुशी बघतात!" त्यावर त्यांची लेक वासंती हसून हसून लोळायची.

रविवारी आम्ही चालत शिवडीच्या धक्क्यावर जात असू. तिथे सीताराम भेटला. तो गोदामात ओझी वाहायचा, राहायचा लालबागला, गाव मालवणकडचे. सुटीच्या दिवशी एक छोटी होडी घेऊन तो गळ टाकायचा. उधाणाची भरती आली की मुशी खाडीत कुठून शिरते, कुठे वळते, हे त्याला पाण्याच्या रंगावरून कळे. अच्युतरावांशी तो जपून, शाळेच्या पुस्तकासारखे बोले.

"साहेब, डावीकडे. त्या खांबांच्या पलीकडे पाणी वळतंय बघा."

"मुशी?"

"होय, मुशी."

"केवढी असेल?"

"होडीएवढी. म्हणजे होडीपेक्षा थोडी लहान. तुम्ही एवढे चालत आलात म्हणून वाढवून सांगितलं."

एकदा मुशीने आमच्यासमोर एक पाकट, पंखांसारखा पसरट मासा, पकडला. अर्धा एका झटक्यात नाहीसा झाला आणि उरलेला अर्धा अजून पंख हलवत होता. तो अर्धा बुडेपर्यंत अच्युतराव पाहत राहिले. मग म्हणाले, "हिच्यात राग नाही, सीताराम. माणसात असतो तसा राग नाही." सीताराम म्हणाला, "भूक आहे ना, साहेब. पुरे की तेवढी."

मित्रांनो, ती माझी सुखाची दोन वर्षे होती.

मग छप्पन्नचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असे जाहीर झाले आणि शहर पेटले. गिरण्या बंद पडल्या, ट्रामवर दगड पडले, लालबाग-परळच्या रस्त्यांवर गोळ्या चालल्या. आमच्या गॅलरीतून मी रस्त्यावरच्या एकाकी चपला पाहिल्या. रक्त पुसायला वेळ नसल्यामुळे त्यावर टाकलेली वाळू पाहिली. अच्युतराव शांत गृहस्थ, पण गॅलरीत उभे राहून तेही घोषणा देत. "एका भाषेचं एक राज्य. यात न समजण्यासारखं काय आहे?" असे ते पुन्हा पुन्हा म्हणत.

त्याच आठवड्यात एका दुपारी थोडा वेळ शांतता वाटली. अमावास्या होऊन तीन-चार दिवस झाले होते, पण उधाण अजून उतरले नव्हते. अच्युतरावांनी मला गळ्यात अडकवले.

"बाहेर माणसं मरताहेत," यशोदाबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही मासे बघायला निघालात?"

"माणसं मरताना बघवत नाहीत, म्हणूनच निघालोय."

धक्क्यावर कोणी नव्हते. सीतारामची होडी शंभर-दीडशे हातांवर होती. मुशी आम्हांला लगेच दिसली. होडीच्या पलीकडे तिची करडी पाठ वर आली, पंखाचा त्रिकोण जरासा फिरला आणि ती खाली गेली.

तेवढ्यात गोदामांच्या मागून आरडाओरडा ऐकू आला. एक तरुण तारेच्या कुंपणावरून पलीकडे पडला, उठला आणि धावत येऊन त्याने धक्क्यावरून पाण्यात उडी घेतली. तो जगदीश होता, सीतारामचा धाकटा भाऊ, गिरणीत साचेवाला; भावाच्या होडीवर आम्ही त्याला पाहिले होते. त्याची मांडी तारेने फाटली होती. तो भावाच्या होडीकडे पोहू लागला आणि त्याच्यामागे पाण्यात तांबूस रेघ निघाली. मागच्या रस्त्याने पोलिसांची गाडी धक्क्याकडे वळत होती.

अच्युतरावांनी मला होडीवर रोखले. सीताराम उभा राहून दोन्ही हात हलवत ओरडत होता. मी त्याचे ओठ जवळ आणून दाखवले. वाऱ्यावर शब्दही आला.

"मोरी! मोरी!"

आमच्या डाव्या हाताला, धक्क्याच्या भिंतीत, गोदामांचे पाणी जिथून समुद्रात पडे तिथे एक मोठी कमानदार मोरी होती. आत माणूस वाकून सहज उभा राहील एवढी. अच्युतरावांना वाटले, भाऊ भावाला सांगतो आहे की होडीकडे येऊ नकोस, मोरीत लप. ते बरोबरही वाटले. होडीजवळ मुशी होती, रस्त्यावर पोलीस होते. राहिली मोरी. पोलिसांना कळू नये म्हणून ते ओरडले नाहीत. त्यांनी हात लांब करून मोरीकडे बोट दाखवले, पुन्हा पुन्हा.

पाण्याच्या आवाजात जगदीशला भावाची हाक ऐकू आली नसावी; त्याने मान वर केली. गळ्यात दुर्बीण असलेला एक साहेब त्याला वाट दाखवत होता. ज्याला लांबचे दिसते त्याच्यावर माणूस विश्वास ठेवतो. तो वळला.

भिंतीला हात लागणार एवढ्यात तो कमरेपर्यंत पाण्याबाहेर उचलला गेला, खालून कोणी खांद्यावर घ्यावे तसा. मग आडवा झाला आणि आत ओढला गेला. शेपटीचा एक फटका भिंतीवर बसला. मुशी धरते आणि मान झटकते. तिने तीनदा झटकली. जगदीश वर आला तेव्हा त्याचा उजवा पाय मांडीपासून नव्हता, आणि मोरीच्या तोंडाशी सगळे पाणी लाल उसळत होते.

त्याला पकडायला आलेल्या शिपायांपैकी एकाने बूटसुद्धा न काढता पायऱ्यांवरून पाण्यात धाव घेतली. "धर रे! काखेत धर! खेच!" त्याने आपला कमरपट्टा काढून जगदीशच्या मांडीला आवळला. तो शिपाई रडत होता आणि शिव्या देत होता, कोणाला ते त्यालाही माहीत नसावे. जगदीश पोलिसांच्याच गाडीत, इस्पितळात पोचण्याआधी गेला.

तेरावा झाल्यावर अच्युतराव लालबागला सीतारामच्या खोलीवर गेले. मी त्यांच्या गळ्यात होते. सवयीने घेतले असावे. सीतारामची आई, दुर्गाबाई, कोपऱ्यात भांडी विसळत होती.

"सीताराम," अच्युतराव म्हणाले, "दोन आठवडे झोप नाही मला. मुशी जगदीशकडे वळली हे तुला दिसलं होतं. मग मुशी आली असं का नाही ओरडलास?"

"ओरडलो की, साहेब. घसा फुटेपर्यंत ओरडलो. मोरी, मोरी."

"मोरी ऐकलं मी. म्हणजे मोरीत लप, असंच ना?"

सीतारामने आधी त्यांच्याकडे पाहिले, मग आई बसली होती त्या मोरीकडे पाहिले.

"आमच्यात मुशीला मोरी म्हणतात, साहेब."

"पण दोन वर्षं तू मुशी म्हणत होतास!"

"तुमच्यासाठी. पहिल्या दिवशी तुम्ही मुशी म्हणालात, मीही म्हणालो. मोठ्या माणसाला काय शिकवायचं? त्या टायमाला तुमचो शब्द खंयचो आठवतलो? आयेचो शब्द इलो तोंडात."

अच्युतराव तिथे थांबू शकले असते. सीतारामची नजर सबंध वेळ भावावर होती. धक्क्यावरचा हात त्याने पाहिलाच नव्हता. ते उठून, नमस्कार करून घरी येऊ शकले असते, आणि हे कोणालाही कधी कळले नसते. माझा पट्टा त्यांच्या मुठीत आवळलेला मला जाणवत होता.

"जगदीश मोरीकडे आपणहून वळला नाही," ते म्हणाले. "मी हात दाखवला."

सीताराम उठला. त्याने मला त्यांच्या गळ्यातून ओढले. पट्टा तुटला, अच्युतरावांची मान सोलली गेली. त्याने मला उंबऱ्याच्या दगडावर आपटले, आणि पुन्हा एकदा आपटले. माझे उजवे भिंग तडकले. तिसऱ्यांदा त्याचा हात वर गेला तो दुर्गाबाईंनी ओल्या हातांनी धरला. त्यांनी मला पदराने पुसले आणि अच्युतरावांपुढे धरले.

"ह्यां घेवा," त्या म्हणाल्या. "पुन्ना कोण बोंबाललो, तर तेचा काय म्हणणा ता आदी इचारा."

सीताराम पुन्हा धक्क्यावर आला नाही. अच्युतराव मात्र जात राहिले. पाहायला कमी, विचारायला जास्त. कोळणींना, मालवणच्या हमालांना, अलिबागच्या तांडेलांना. "तुमच्याकडे हिला काय म्हणतात?" लोक आधी हसत, मग सांगत. साठ साली राज्य झाले त्या दिवशी चाळींवर दिवे लागले, आणि अच्युतराव पेढे घेऊन लालबागला गेले. दार सीतारामने उघडले. पेढे घेतले नाहीत, पण दार लगेच लावलेही नाही. दोघे उंबऱ्याच्या दोन बाजूंना बराच वेळ उभे राहिले.

अच्युतराव गेल्या पावसाळ्यात गेले. वासंती आता मोठी झाली आहे. ती मला दर महिन्याला काढते, मऊ फडक्याने पुसते, ऊन दाखवते आणि परत ठेवते. डोळ्यांना लावत नाही.

मित्रांनो, दुर्बिणीला ओल लागू देऊ नका, भिंगावर बोटे लावू नका, हे तुम्हांला कोणीही सांगेल. मी एवढेच मागते. मला समुद्रावर न्या. मुशी पाहा, तिच्यासारखे पाहण्यासारखे फार थोडे आहे. पण लांबून कोणी ओरडले, आणि तुम्हांला वाटले की त्याचा शब्द आपल्याला कळला, तर त्या क्षणी मला डोळ्यांवरून खाली घ्या.