अर्थिंगचा खड्डा

महानंदाचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या उद्धवच्या दुकानात चालायचा आणि घरी आणला की बंद पडायचा. उद्धवच्या टेबलावर तो पहिल्याच फटक्यात सुरू झाला, वर स्वागताची धूनही वाजवली. रिक्षातून मांडीवर धरून घरी आणला, वायरी जोडल्या, तर पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पडदा क्षणभर उजळला आणि विझला. मग पुन्हा पहिल्यापासून तेच. चारचौघांत गोड आणि घरात तिरसट अशी माणसं तिने सासरी-माहेरी बरीच पाहिली होती. मशीनमध्ये तो गुण असेल असं तिला वाटलं नव्हतं.

लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या वर्षीची ही गोष्ट. उदगीरलाही नळ कोरडे पडले होते आणि बायका टँकरच्या भोंग्याकडे कान लावून बसत होत्या. तरी गावात चर्चा एकच, उदगीर जिल्हा होणार. प्यायला पाणी नाही आणि कलेक्टर कचेरी कुठे बांधायची यावर पानाच्या ठेल्यांवर भांडणं. जिल्हा मागणाऱ्या मंडळींची एक पुस्तिका महानंदाकडे टाइप करायला आली होती आणि ती महाराष्ट्र दिनाच्या आत छापून हवी होती. तिचा नवरा शिवमूर्ती विनाअनुदानित शाळेत शिकवायचा, म्हणजे फुकटच शिकवायचा. घर चालत होतं ते महानंदाच्या लग्नपत्रिकांवर आणि प्रश्नपत्रिकांवर, म्हणजे या मशीनवर.

तिला जे येत होतं ते तिने सगळं करून पाहिलं. कॅबिनेट उघडून रॅमची पट्टी काढली आणि तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासला. आतला गोल सेल बदलला. कीबोर्ड, माउस, प्रिंटर काढून नुसता डबा सुरू करून पाहिला. उद्धवने मोठ्या खात्रीने पॉवर सप्लायचा खोका बदलून दिला, तरी मशीन ढिम्म. तेव्हा महानंदाने त्याला सांगितलं होतं, आमच्या सासूबाईंची विभूती गेली असणार आत. रोज पूजा करून तसाच हात टेबलाला लावायच्या. उद्धवने ब्लोअर मारला. धूळ निघाली, पालीचं एक अंडं निघालं, विभूती काही निघाली नाही.

सासूबाई म्हणजे शिवम्मा. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणत. त्या महिन्याभरापूर्वी धाकट्या मुलाकडे, गुरुलिंगकडे, मुखेडला निघून गेल्या होत्या. शेजारपाजारी विचारलं की महानंदा सांगायची, नातवंडांची आठवण येत होती म्हणून गेल्या. हे सांगताना ती समोरच्याच्या तोंडाकडे बघायची नाही.

खरं काय झालं होतं ते घरातल्या तिघांनाच माहीत होतं. अव्वांची पूजा साग्रसंगीत. गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायचं, तांब्याने पाणी घालायचं, विभूती, बेल, मग पूजेची भांडी विसळायची. ते सगळं पाणी एका पातेल्यात जमायचं आणि अव्वा ते मागच्या दाराने बाहेर नेऊन ओतायच्या. टँकरच्या दिवसांत महानंदाचा जीव त्या पातेल्यावर तुटायचा. एक दोनदा तिने नुसतेच सुस्कारे टाकले. एकदा भांडी आपटली. आणि एका सकाळी, टँकर गल्लीत न शिरताच निघून गेला त्या दिवशी, ती बोलून गेली, "बाहेर कशाला ओतता, अव्वा? संडासाच्या बादलीत टाकत जा. तेवढंच कामाला येईल."

अव्वांनी पातेल्यातलं पाणी नेहमीच्या जागी ओतलं, पदराला हात पुसले आणि शिवमूर्तीला गुरुलिंगचा फोन लावून द्यायला सांगितलं. शिवमूर्तीने लावून दिला. जो जे सांगेल ते करायचं. भांडणं मिटवायचा त्याचा हाच एक उपाय होता.

अव्वा गेल्यावर महानंदाला पहिले दोन-चार दिवस हलकं वाटलं. पाणी पुरायला लागलं. मग हळूहळू ते वाक्य तिला सलायला लागलं. भांडी घासताना, दळण आणताना, कुठेही आठवायचं. ती स्वतःला समजवायची की मी काय चोरी केली नाही, दुष्काळ आहे, माणसं मरायची वेळ आली आहे. समजवून झालं की पुन्हा सलायचं. तशात मशीन बिघडलं आणि तिला रागवायला एक चांगली जागा मिळाली.

घरी येऊन पाहिल्याशिवाय कळणार नाही, असं शेवटी उद्धवने कबूल केलं. येताना होल्डरला लावलेला एक बल्ब आणि त्याच्या दोन वायरी घेऊन आला. बोर्डाच्या खालच्या दोन भोकांत वायरी घातल्या, बल्ब लख्ख पेटला. मग एक वायर काढून वरच्या, मोठ्या भोकात घातली. बल्बमधली तार नुसती निखाऱ्यासारखी लाल झाली, बस्स. त्याने महानंदाला चप्पल काढून कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लावायला सांगितलं. बोटाला मुंग्या आल्या.

"अर्थिंग गेलंय, वहिनी," तो म्हणाला. "खड्डा कुठाय?"

महानंदाला ठाऊकच नव्हतं. शिवमूर्तीने मागच्या दाराबाहेर नेऊन दाखवलं. भिंतीलगत विटांची चौकट, मधे जमिनीत गाडलेला लोखंडी पाइप. चौकटीतली माती भेगाळून पाइपापासून सुटली होती. फटीत बेलाची वाळलेली पानं अडकली होती.

ही अव्वांची जागा. पूजेचं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून अव्वा रोज ते इथे ओतायच्या. विटांच्या आत कोण पाय ठेवतं.

उद्धव आपल्या नादात सांगत होता. खाली कोळसा आणि मीठ भरलेलं असतं, त्याला ओल लागते. ओल गेली की पत्र्यावर उतरलेल्या करंटला जमिनीत जायला वाट राहत नाही, मग मशीन असं वेड्यासारखं करतं. पॉवर सप्लाय उगाच बदलला, हेही त्याने हळूच सांगून टाकलं. मग म्हणाला, इतकी वर्षं त्रास नव्हता, म्हणजे कुणीतरी पाणी टाकत असणार इथं. शिवमूर्तीने बायकोकडे बघितलं नाही, हे त्याचे उपकारच.

विकतच्या जारमधलं पाणी ओतलं. माती बराच वेळ नुसती पीत राहिली. थोड्या वेळाने मोठ्या भोकातही बल्ब लख्ख पेटला आणि मशीन एका दमात सुरू झालं. पुस्तिकेचं अर्धवट राहिलेलं पान समोर आलं. महानंदा त्याच्याकडे बघत बसली. आनंद व्हायला पाहिजे होता, पण तिला नुसती लाज वाटत होती. विभूतीचा आळ तर तिने अव्वांवर परक्या माणसासमोर घेतला होता.

"अव्वाला आणायचं का मग?" शिवमूर्तीने विचारलं. महिनाभर त्याच्या ओठांवर असलेलं वाक्य आज त्याला सोपं झालं होतं. महानंदा म्हणाली, मी एकटीच जाते.

मुखेडची एसटी बाजाराच्या दिवशी असते तशी भरलेली होती. वाटेत दोन्ही बाजूंना नुसती काळी ढेकळं. काय बोलायचं ते महानंदाने उभ्या उभ्याच जुळवलं. पोहोचली तेव्हा अव्वा ओसरीवर तूर निवडत होत्या. त्यांनी आधी पाणी दिलं, चहा टाकायला सांगितला, उदगीरला टँकर येतो का विचारलं. जुळवलेलं सगळं महानंदा विसरली आणि मशीनचं सगळं सांगून बसली, बल्ब, खड्डा, पाणी, अगदी विभूतीचंसुद्धा. सांगताना रडली. अव्वा सूप हलवत ऐकत होत्या.

"मशीन चालू असतं तर आली असतीस का गं?" त्यांनी विचारलं.

महानंदाला खोटं बोलता आलं असतं. अव्वांनी ते चालवूनही घेतलं असतं.

"न्हाई, अव्वा," ती म्हणाली. "टाळलंच असतं. कोणत्या तोंडानं यायचं कळत नव्हतं."

अव्वांनी सूप खाली ठेवलं. "खरं बोललीस, बरं केलीस. पानी कमी करा म्हनली असतीस तर मी थेंबावर भागवले असते. हितं भागवायलेच की. त्या बादलीचं नाव घ्यायचं न्हवतं."

"चुकलं माझं."

"हाव, चुकलं," अव्वा म्हणाल्या आणि उठून पिशवीत लुगडी भरायला लागल्या. आजच निघू, तुझं काम अडायला नको, एवढंच त्या पुढे बोलल्या. गुरुलिंगने राहायचा आग्रह केला, तो त्यांनी ऐकला नाही. परतीच्या एसटीत खिडकीची जागा त्यांनी सुनेलाच दिली, तिला गाडी लागते म्हणून. महानंदाला वाटलं, सुटले. मिटलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी उठली. तांब्या घासून लख्ख केला, जारमधल्या पाण्याने काठोकाठ भरला आणि अव्वांच्या पाटाजवळ नेऊन ठेवला. शेजारी ते पातेलंही ठेवलं. अव्वा पूजेला बसल्या. तांब्याला त्यांनी हात लावला नाही. वाटीत दोन पळ्या पाणी घेतलं होतं, तेच लिंगावर सोडलं, तळहाताच्या खोलगटात जमलं तेवढं तीर्थ म्हणून पिऊन टाकलं, ओला हात डोळ्यांना लावला आणि लिंग पुसून गळ्यात घातलं.

"अव्वा, पानी घ्या की," महानंदा म्हणाली. "तुमच्यासाठी भरलंय. नेहमीसारखं बाहेर ओता. मी काय बोलणार न्हाई."

"नको गं," अव्वा म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "सवय झाली आता. वतायला काय उरतच न्हाई."