कोल्बी सातव्या इनिंगमध्ये मार खाणार

बारा वर्षांनी हेरन्स ही गावची बेसबॉल टीम प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, पोहोचली आणि अख्ख्या वेल्स क्रीक गावाला जणू ताप चढला. बेकरीवाल्याने टीमच्या निळ्या रंगाचे डोनट काढले, पाद्रीबाबांनी रविवारचं प्रवचन दहा मिनिटांत गुंडाळलं, आणि शाळेची बस चालवणाऱ्या डोरीन पलास्कीला घास गिळवेना.

डोरीन अठ्ठावन्न वर्षांची. नवरा गेल्यापासून घरच्या मैदानावरचा एकही सामना तिने चुकवला नव्हता. तिसऱ्या बेसमागच्या बाकावर बसायचं आणि प्रत्येक चेंडूची नोंद पेन्सिलीने वहीत करायची, हा तिचा नेम. दर एप्रिलला ती गावच्या रेडिओवर फोन करून सांगायची, यंदा आपण प्लेऑफ गाठणार. अकरा वेळा तिचं हसं झालं. यंदा मात्र शब्द खरा ठरला, त्यामुळे आता रेडिओवाल्यांनीच तिला बोलावलं. तीन सामन्यांच्या मालिकेतल्या पहिल्या सामन्याचं काय होणार ते सांगा म्हणाले.

रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून बसली. कोल्बी टेट हा हेरन्सचा हुकमी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. सामन्याच्या नऊ इनिंगपैकी पहिल्या सहा इनिंग त्याच्या चेंडूला कुणी हात लावू शकत नसे. पण सातवीत? नऊ सामन्यांपैकी सातांत त्याला झोडपलं होतं. तरीही टीमचा मॅनेजर त्याला कधी बाहेर काढत नसे. डोरीनने पानं पुन्हा पुन्हा पाहिली.

सोमवारी सकाळी ती रेडिओवर म्हणाली, "पहिला सामना आपण हरू. कोल्बी सहा इनिंग सोन्यासारख्या टाकेल आणि सातवीत मार खाईल."

दुपारपर्यंत गावभर बोभाटा झाला. बसमधल्या एका चिमुरडीने तिला विचारलं, की तू दुसऱ्या टीमकडे गेलीस का? सगळ्यात जास्त चिडला तो तिचा धाकटा भाऊ लायल. त्याने आपल्या हार्डवेअरच्या दुकानावर भलामोठा निळा झेंडा लावला होता.

"अगं, अकरा वर्षं खोटं बोललीस ते गोड वाटायचं," तो म्हणाला. "आत्ताच खरं बोलायची हौस कुठून आली?"

"वहीत आहे ते सांगितलं. वही काय आपली मावशी आहे, माझं मन राखायला?"

बुधवारी बसच्या आगारात एक धिप्पाड माणूस टोपी हातात घेऊन आला. हेरन्सच्या पिचरांना शिकवणारा ओटिस ग्रॅनबेरी. त्याने ती वही पाहायला मागितली आणि बसच्या पायरीवरच बसून एकेक पान उलटलं. कोल्बी थकतो हे त्याला कधीपासून जाणवत होतं, पण नुसत्या जाणवण्याला मॅनेजर दाद देत नव्हता.

"मिसेस पलास्की, दोन दिवस नेऊ का ही?"

डोरीनने ती वही आजवर कुणाच्या हाती दिली नव्हती. "न्या. पण ऑगस्टची पानं हळू उलटा. मस्टर्ड सॉस सांडून चिकटलीत."

शुक्रवारी संध्याकाळी मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सहा इनिंग झाल्या तेव्हा हेरन्स दोन विरुद्ध एक असे पुढे होते. कोल्बी सातवीसाठी निघाला आणि मॅनेजरने त्याला हात करून थांबवलं. त्याच्या जागी आला हँक ऑसबोर्न, गोलमटोल डावखुरा, ज्याला मोसमभर कुणी विचारलं नव्हतं. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला. लायल तर बाकावर उभा राहून मॅनेजरच्या नावाने शंख करू लागला.

हँकच्या पहिल्याच चेंडूवर जोरदार फटका बसला. चेंडू उंच, लांब, कुंपणाच्या दिशेने निघाला. डोरीनने लायलचं मनगट घट्ट धरलं. कुंपणाला पाठ घासत फील्डरने उडी मारली, आणि चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये विसावला. तिथून हँकचं अंग मोकळं झालं. सातवी, आठवी, नववी. समोरच्यांना एकही धाव मिळाली नाही.

"बुडालीस गं डोरीन!" लायलने तिला उचलूनच घेतलं. "तुझं भाकीत सपशेल बुडालं!"

"बुडू दे," ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि हसू थांबत नव्हतं. "अरे, बुडू दे मेलं."

शनिवारी हेरन्स हरले, रविवारी जिंकले, आणि मालिका गावाच्या पदरात पडली. सोमवारी सकाळी डोरीनने शाळेची बस सबंध रस्ता हॉर्न वाजवत नेली. मुख्याध्यापिकाबाई आता फैलावर घेणार असं तिला वाटलं, पण बाई निळी टोपी घालून फाटकातच नाचत होत्या.